वरकस

"आणि ही जागा? घर ज्या जागेवर आहे ती कुणाची?" ललितानं सवयीनं विचारलं आणि मान वर न करता ती उत्तराची वाट पाहत राहिली. जिजा चुलीपुढं उकिडवी बसून फुंकणीनं जाळ करत होती. तिनं फुंकणी खाली ठेवली, पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "गव्हाणच्या दाजी घरतांची."

धुरामुळं असेल, पण क्षणभर ललिताला समोरची चूल दिसेनाशी झाली. गेले कित्येक महिने ती पनवेलच्या आसपासच्या कातकरी वाड्यांवर हाच प्रश्न विचारत हिंडत होती. उत्तरं ठरलेली असायची. फॉरेस्टची, सरकारची, कुणा शेठची, काय माहीत. संस्थेनं दिलेल्या टॅबलेटवर त्या प्रत्येक उत्तराला एक चौकोन होता, आणि तिचं बोट न सांगता त्या चौकोनावर जायचं. आज ते हवेतच राहिलं. दाजी घरत तिचे वडील. त्यांना जाऊनही आता काही वर्षं लोटली होती. लग्नानंतर ती ललिता राऊत झाली होती, राहायला करंजाड्याला होती, आणि या टेंभीवाडीत पहिल्यांदाच आली होती, त्यामुळं जिजाला काही कळायचं कारण नव्हतं. जिजा चुलीशी बोलावं तशी बोलत होती. "चांगला माणूस. माझ्या सासऱ्याला त्यांनीच बसवला इथं, गवताची राखण करायला. मग वाडी वाढली. पर कधी उठा म्हणाले नाय." बाहेर तिचा नवरा काशिराम कुडाला टेकून विडी ओढत होता. जिजाच पुढं सांगत होती. "आता त्यांचा पोरगा येतो, गाडी घेऊन. हरेश शेठ. इथं बिल्डिंगा होनार म्हणतो. आमाला खोल्या देनार, पक्क्या."

"कधी?" ललितानं विचारलं. हा प्रश्न प्रश्नावलीत नव्हता.

"पावसाच्या आधी म्हणतो. भेटली तर बरं होईल. मालूचं पयलंच हाय." जिजानं दाराकडं मान केली. दारात तिची मुलगी मालू उभी होती, पोट पुढं काढून, एक हात कमरेवर, आणि ललिताकडं बघून उगाचच हसत होती. ललिताही हसली. मग तिनं 'खासगी मालक' या चौकोनावर बोट टेकवलं. चौकोनात बरोबरची खूण उमटली आणि पुढचा प्रश्न आला: घरात प्यायचं पाणी कुठून आणता?

उतरणीवरून खाली रस्त्याला येईपर्यंत, मग रिक्षात, मग पनवेलच्या एसटी स्टँडपाशी गर्दीत रिक्षा अडकून पडली तेव्हाही तिच्या डोक्यात एकच शब्द घोळत होता. वरकस. घरात लहानपणी ऐकलेला. भाताची जमीन खाली, खाडीच्या अंगाला. मिठागर त्याच्याही पलीकडे. आणि वरकस म्हणजे लांब डोंगराकडची, जिच्यात भात होत नाही, गवत होतं, फार तर नाचणी. आजोबांनी बैलांच्या वैरणीसाठी कधीकाळी घेतलेली. घरात तिचा उल्लेख एखाद्या दूरच्या, बिनकामाच्या नातेवाइकासारखा व्हायचा. दिवाळीनंतर तिकडून टेम्पो भरून गवत यायचं आणि भाऱ्यांच्या वर बसून माणसं यायची. ती माणसं भारे उतरवायची, गवताचा माच रचून द्यायची आणि खळ्याच्या कडेला ओळीनं जेवायला बसायची. त्यांच्या अंगाला धुराचा वास यायचा. आई त्यांना वाढताना हात जरा उंच धरायची, वरून सोडल्यासारखं वाढायची, आणि आमटी पत्रावळीवरून वाहत जायची ती अडवायला ती माणसं भाताचं आळं करायची. ललिताला ते आळं फार आवडायचं. ती घरात ताटातही तसंच आळं करून जेवायला बघायची आणि आई रागवायची, "वाडीवरची हायस का तू?" ती माणसं जिथून यायची ती जागाही आपलीच, आणि ती माणसं तिथं आपल्या जागेवर राहतात, हे तिला कधी कुणी सांगितलं नव्हतं. तिनं तरी कुठं विचारलं होतं. वरकसला वाडी असू शकते हे तिच्या मनातच आलं नव्हतं, आणि तिनं तर याच विषयात, जमीन कुणाकडं किती यात, डॉक्टरेट केली होती.

वडिलांचा फोटो तिच्या अभ्यासाच्या टेबलावर होता. त्यात त्यांच्या कपाळावरचा व्रण दिसायचा. नव्या शहरासाठी सरकारनं भातशेती आणि मिठागरं घेतली, तेव्हा गावंच्या गावं रस्त्यावर आली होती; त्या मोर्चात वडिलांनी डोक्यावर लाठी खाल्ली होती. रक्तानं भिजलेली बंडी आईनं कितीतरी दिवस धुतली नव्हती. पुढं रात्रीचं जेवण झाल्यावर बाबा ओटीवर बसून लोकांना सांगायचे, "आमाला भीक नको. वाटा पायजे." लहान ललिता खांबाला मिठी मारून ऐकायची. विद्यापीठात प्राध्यापकांनी वाटपाच्या न्यायाचे सिद्धान्त फळ्यावर मांडले, तेव्हा तिला ते सगळे बाबांच्या आवाजात ऐकू आले होते. कोण किती घेणार, कशाच्या बदल्यात, आणि कुणाला विचारून. तिला वाटलं होतं, हे आपल्याला आधीच येतं. मोबदल्यात विकसित भूखंड मिळाले, त्यावर इमारती उठल्या, तिचं शिक्षण झालं, करंजाड्याचा फ्लॅटही बाबांनी त्यातूनच दिला. वाटा मिळाला. आता रिक्षात बसल्या बसल्या तिला त्या मोर्चाच्या दिवसाचा ट्रक दिसायला लागला. गावातून निघालेला ट्रक, घोषणा, आणि मागच्या फळीला धरून उभी असलेली काळी, बारकी माणसं. वाडीवरची. आकडा दिसावा म्हणून बाबांनी त्यांनाही आणलं होतं. त्यांनीही हात वर केले होते. त्याच शेतांत त्यांनी भाताची आवणी केली होती, त्याच मिठागरांत मीठ ओढलं होतं. पण सातबाऱ्यावर त्यांचं नाव नव्हतं, त्यामुळं ती जमीन गेली तेव्हा त्यांचं काही गेलंच नव्हतं. वाटे ठरत होते तेव्हा ती माणसं कुठं होती, हे आठवायचा तिनं खूप प्रयत्न केला. तिला नुसता रिकामा ट्रक आठवत राहिला, फळी उघडी पडलेला.

त्याच संध्याकाळी तिनं प्रकल्पाच्या प्रमुख डॉ. रुचिरा यांना मुंबईला फोन केला. तिनं सगळं सांगितलं, जरा जास्तच सांगितलं. रुचिरा शांतपणे ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "ललिता, बरं झालं लगेच सांगितलंस. यात तुझा हितसंबंध येतो. ती वाडी नमुन्यातून काढून टाक. दुसरी निवडू, नाही मिळाली तर नाही."

"पण मॅडम, त्या वाडीची परिस्थिती सगळ्यात—"

"ते मला कळतंय गं. म्हणूनच काढायची. उद्या कुणी बोट ठेवायला नको." त्यांच्या आवाजात आस्था होती. टेंभीवाडी काढायला काहीच लागलं नाही. ललितानं सगळी घरं निवडली, आणि यंत्रानं एकदा विचारलं की नक्की काढायची का. तिनं हो म्हटलं.

हरेश आला तो रविवारी, सकाळी, हातात ताज्या जिताड्याची पिशवी घेऊन. धाकटा भाऊ. लहानपणी हिच्या पाठीवर बसून सबंध अंगण फिरलेला. आता पांढरे बूट, मनगटात जाड कडं, पण बसला की अजून एक पाय खुर्चीवर दुमडून घ्यायचा. आईबाबांनंतर वारस ही दोघंच, त्यामुळं वरकसच्या व्यवहाराला तिची सही लागणार होती. ते त्यानं चहा पिता पिता सांगितलं, फार मोठी गोष्ट नसल्यासारखं.

"तिथं माणसं राहतात, हरेश."

"म्हाईत हाय ना. त्यांना खोल्या देतोय बिल्डर. फुकट. तू त्यांच्यावरच लिहितेस ना, ताई? मग चांगलंच झालं की."

"कुठं देतोय? प्लॅनमधे दाखव."

"अगं, प्लॅन आता कुठं झालाय! माणूस शब्दाचा हाय."

"मग लिहून दे म्हणावं. त्यांच्या नावानं. आधी."

हरेश हसला. ते हसू थेट बाबांचं होतं आणि त्यानं तिला जास्त त्रास झाला. "लिहून दिलं तर उद्या सगळी जमीनच मागतील. ताई, तू पुस्तकात बघतेस, मी तिथं जातो. त्यांना काय पायजे ते मला म्हाईत हाय. दार लागणारी खोली पायजे, नळ पायजे. तुला काय पायजे, न्याय? तो त्यांना दे तू, मी खोली देतो." आत स्वयंपाकघरात तिचा नवरा शैलेश मासा धूत होता. नळाचं पाणी मधेच थांबलं. तोही ऐकत होता तर. ललिता म्हणाली, "मी सही करणार नाही." तिला वाटलं होतं हरेश भडकेल, ओरडेल, मग तीही ओरडली असती. पण त्यानं पाय खाली घेतला, कप आत नेऊन ठेवला, आणि दारात बूट घालताना म्हणाला, "ठीक हाय. जागा कुठं पळून जात नाय." बूट घालताना त्याचा श्वास जड झाला होता, आणि ललिताच्या मनात आलं, याचंही वय झालं. तिला तो जवळचा वाटला. ती तरीही दारात नुसती उभी राहिली.

नाही म्हटल्यावर आत कसं मोकळं, स्वच्छ वाटेल असं तिला वाटत होतं, आणि दोन दिवस तसं वाटलंही. मग ती वाडीवर गेली. या वेळी टॅबलेट न घेता. आपण कोण ते तिनं जिजाला सांगितलं. सही नाकारली तेही सांगितलं, आणि म्हणाली, आता तुम्हाला कुणी उठवू शकणार नाही. तिनं वाक्य मनात इतक्यांदा म्हटलं होतं की ते तोंडातून बाहेर पडताना शिळं वाटलं. जिजानं सगळ्यांत आधी डोक्यावरचा पदर सारखा केला.

"तुमी दाजींच्या पोरी?"

"हो."

"तरीच. नाक तसंच हाय." ती जरा वेळ ललिताच्या चेहऱ्यात दाजींना शोधत राहिली. मग म्हणाली, "मंग खोल्या?"

"खोल्या मिळणारच नव्हत्या, जिजा. ते नुसतं बोलत होते."

"तुमाला त्यांनी सांगितलं, देनार नाय म्हणून?"

"नाही, तसं नाही सांगितलं. पण..."

जिजाच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर ललितानं तो ओंजळीत घेतला असता. काहीतरी हिशेब बिघडल्यासारखी ती इकडंतिकडं बघत होती, कुडाकडं, पावसाआधी शाकारायच्या छपराकडं, मालूकडं. मालू आता हसत नव्हती. "मी तिला सांगितलं हुतं," जिजा म्हणाली, "तुझं पोर लादीवर रांगंल." मग तिनं कोरा चहा ठेवला आणि आतून एकुलता एक चिनी मातीचा कप काढून, पदरानं पुसून ललितापुढं केला. ललिता प्यायली. साखर जास्त होती. आपल्याकरता जास्त घातली हे तिला कळलं. वाडीतली माणसं एक एक करून येऊन लांब उभी राहिली. ही दाजींची पोरगी, हे सगळ्यांना कळलं होतं. एका म्हातारीनं पुढं येऊन तिच्या पायाला हात लावला आणि ललितानं पाय मागं घेतला तेव्हा म्हातारीला वाटलं बाई रागावल्या, म्हणून ती पुन्हा पुन्हा हात लावायला लागली.

मग ललितानं ठरवलं, आपला हिस्सा वाडीच्या नावावर करून टाकायचा. हे सुचलं त्या दुपारी ती करंजाड्याच्या रस्त्यावरून एकटीच हसत चालली होती. पनवेलला परेश म्हात्रे म्हणून वकील होते, बाबांच्या ओळखीतले. त्यांनी तिला मान देऊन बसवलं, ऐकून घेतलं, चष्मा काढून डोळे चोळले. "मॅडम, तुमचा हिस्सा आहे, पण तो कुठला ते सांगा. हा दगड की तो दगड? आधी वाटणीचा दावा टाकावा लागेल. हरेश विरोध करणार. करणारच. मग मोजणी, मग अपील. आपण टाकू. पण तुम्ही म्हणाल लवकर, तर तसं नसतं." तिनं दावा टाकायला सांगितलं. उठता उठता तिनं विचारलं, बिल्डर अशा लोकांना खरंच खोल्या देतात का हो? परेशनी खांदे उडवले. "काही देतात. जिन्याखाली, मागच्या बाजूला, अंधाऱ्या. पण देतात. काही नाही देत." त्या दिवसापासून हे वाक्य तिच्याबरोबर राहायला आलं. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना, शैलेश काहीतरी सांगत असताना तिला जिन्याखालची एक खोली दिसायची. अंधारी, ओलसर, पण लादी घातलेली. तिच्यात रांगणारं मूल दिसायचं. मग ती स्वतःला समजावायची की ती खोली नव्हतीच. आणि पुन्हा, असती तर?

त्या पावसात मालू वाडीवरच बाळंत झाली. मुलगी. ललिता टॉवेल आणि दुपटी घेऊन गेली, पण खालूनच वाट बंद होती. हरेशनं तारेचं कुंपण घातलं होतं. काशिराम कुंपणापाशी येऊन पिशवी घेऊन गेला. त्याच्या मागं वरच्या बाजूला शेजारच्या प्लॉटचं खोदकाम दिसत होतं, लाल, कापलेल्या मांसासारखं. त्यानं सांगितलं की झऱ्याचं पाणी गढूळ यायला लागलंय, मग येतच नाय झालं. तिनं हरेशला फोन केला. तो म्हणाला, "माझ्या जागेला कुंपण घातलं, ताई. अर्धी तुझी हाय, तू अर्धं काढ." यावर हसावं की रडावं हे न कळून ती हसली, तोही हसला, आणि दोघांनी फोन ठेवला. नंतर ते बोलले नाहीत. दिवाळीनंतर वाडीतली घरं नेहमीप्रमाणं वीटभट्ट्यांवर गेली, मुकादमानं गाडी पाठवली तशी, पोराबाळांसकट. वाडी रिकामी झाली. आणि रिकाम्या वाडीवर एका सकाळी जेसीबी फिरला. ललिता पोहोचली तेव्हा माती सपाट झाली होती आणि तिच्यात मधूनच चुलीची राख मिसळलेली दिसत होती. वकिलांमार्फत हरेशचं उत्तर आलं: तिथं कुणी राहत नव्हतं. त्या दिवशी तिथं खरंच कुणी राहत नव्हतं.

हिवाळा सरता सरता पुण्याला परिषद झाली. वातानुकूलित सभागृह, पाण्याच्या बाटल्या, गळ्यात नावं. ललितानं आपला निबंध मांडला. पडद्यावर समतेची सरळ रेघ आणि तिच्याखाली झोळीसारखी लोंबणारी विषमतेची वक्र रेघ. कुणीतरी विचारलं की मागच्या पाहणीच्या मानानं ही झोळी थोडी उथळ दिसते, तालुक्यातली विषमता कमी होते आहे का? रुचिरा पहिल्या रांगेतून तिच्याकडं बघत होत्या, प्रेमानं. ललिताला उत्तर माहीत होतं. सगळ्यांत तळाची घरं काढली की झोळी वर येते. पण ते म्हणायला गेली तर पुढं सगळंच सांगावं लागणार होतं, चूल, चिनी मातीचा कप, नाक; आणि त्याला तिथं वेळ नव्हता. ती म्हणाली, "नमुन्यात काही बदल आहेत. तळटीप दिली आहे." टाळ्या वाजल्या. जेवणाच्या वेळी एक तरुण प्राध्यापक तिला म्हणाला, तुमच्या लिखाणात फार आच आहे. तिनं ताटातल्या भाताकडं बघितलं आणि तिला जेवण गेलं नाही.

नंतर ती वाडीची माणसं शोधत हिंडली. शनिवार-रविवार मिळेल तेव्हा. भट्ट्यांवर विचारलं की लोक हात लांबवून दुसरी भट्टी दाखवायचे. कुणी कर्जतकडं, कुणी खोपोलीकडं, कुणाबद्दल ते सांगणारंही उरलं नव्हतं. शेवटी जिजा तिला सापडली ती शोधताना नव्हे, तर एका दुपारी करंजाड्यातच, तिच्या इमारतीच्या मागच्या गल्लीत. नवं बांधकाम, पत्र्याच्या शेडची रांग, आणि जिजा हातात रबरी पाइप घेऊन ओल्या काँक्रीटच्या भिंतीवर पाणी मारत होती. डोक्याला फडकं बांधलेलं. ललितानं हाक मारली आणि मधलं सगळं ओलांडून ती तिच्याकडं धावत गेली.

"जिजा! कधी आलात इथं?"

"झाले काय दिवस." जिजानं पाइप बाजूला धरला. तिला आनंद झाला होता, आणि मुकादम बघत नाही ना याची काळजीही होती. "तुमी हिकडं राहता?"

ललितानं मागच्या बाजूला आपली गॅलरी दाखवली. तिथं शैलेशचा शर्ट वाळत होता. काशिराम वारला होता. भट्टीवरच, ताप आला आणि गेला. मालू नवऱ्याबरोबर दुसऱ्या भट्टीवर होती, पोर बरी होती, बारीक होती. जिजानं हे सगळं पाण्याच्या आवाजावर आवाज चढवून सांगितलं, त्यामुळं ते भांडल्यासारखं ऐकू येत होतं. ललितानं तिचा हात धरला. म्हणाली, मी कोर्टात गेले आहे. वेळ लागेल. पण माझी अर्धी जमीन मी वाडीलाच देणार. तुमच्या नावावर. जिजानं मान डोलावून ऐकून घेतलं, तापलेल्या पोराची बडबड ऐकावी तसं.

"कुनाच्या?" तिनं विचारलं.

"वाडीच्या. तुमच्या सगळ्यांच्या."

"वाडी कुठं हाय आता?" जिजा म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, कुणाला ठाऊक असेल तर. "शकू मावशी गेली. धाकला दीर कुठं हाय म्हाईत नाय. तिकडं पानी नाय, वाट नाय. मी एकटी जाऊन काय करू, बाई?"

ललिताकडं इतकी वाक्यं होती, मराठीत, इंग्रजीत, छापलेली, तळटिपांसकट, आणि त्यातलं एकही उचलून इथं ठेवण्यासारखं नव्हतं. वरच्या मजल्यावरून कुणीतरी शिवी हासडली आणि पाणी मार म्हणून ओरडलं. जिजा वळली, आणि वळता वळता तिचं लक्ष खाली गेलं.

"अवो, पाय बघा. सिमिटात उभ्या हायत तुमी."

ललिता ओल्या मालात घोट्यापर्यंत रुतली होती. धावत येताना केव्हा पाय पडला तिला कळलंच नव्हतं. सँडल करडी झाली होती, बोटांच्या बेचक्यांत माल शिरला होता आणि कातडीला चुरचुरत होतं. "थांबा, हलू नका," जिजा म्हणाली. "सुकला तर निघनार नाय, कातडं सोलून निघतं." तिनं पाइप वळवला, खाली बसली, आणि धार सोडून एका हातानं ललिताचे पाय चोळायला लागली, टाच, घोटा, मग एक एक बोट. तिच्या स्वतःच्या हाताची कातडी जागोजाग फाटलेली होती, पांढरी पडलेली. पाय मागं घ्यावा असं ललिताला वाटलं. तिनं घेतला नाही. पाणी गार होतं. एक पाय झाल्यावर जिजानं वर न बघता तिच्या पोटरीवर हलकेच थाप मारली, आणि ललितानं दुसरा पाय पुढं केला.